जुन्या डेस्कटॉपवर मिंट घालतोय, १२० जीबी जागा "अनयूजेबल" म्हणतंय आणि विंडोज विचारतंय डायनॅमिक डिस्क करू काय

कंग्राळी_बीके

नमस्कार सगळ्यांना, बेळगावजवळ कंग्राळीला राहतो. घरात असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, आय-फाइव्ह चौथी जनरेशन, एच८१ बोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क, त्यावर विंडोज १०. मशीन धडधाकट आहे. बाबा त्यावर गावातल्या लोकांचे अर्ज, सोसायटीचे ठराव, वर्गणीच्या याद्या असलं मराठीत टाईप करून देतात, सगळं श्रीलिपी ह्या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि बहीण पीयूसी सेकंडला, म्हणजे बारावीला आहे, तिचं कन्नड टायपिंग, नोट्स, ऑनलाइन फॉर्म सगळं ह्याच्यावरच.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे माहीत आहेच. ११ चालेल का बघणारं ॲप लावलं तर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही आणि प्रोसेसर यादीत बसत नाही, इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचाच पाहिजे म्हणे. बाजारात एका दुकानात विचारलं तर म्हणाले चेक बायपास करून ११ मारून देतो पण सगळं फॉरमॅट होणार, नाहीतर सरळ नवीन मशीन घ्या. लायसन्सचं विचारलं तर म्हणाले ते आम्ही करून देतो, तुम्ही फक्त अँटिव्हायरस बंद ठेवा. डोकं फिरलं ओ हे ऐकून. चालणारं मशीन टाकून द्यायचं कशाला, आणि ज्याच्यावर लोकांचे आधार नंबर, उतारे, बँकेचे कागद येतात त्याच्यावर असलं चोरटं काहीतरी बसवायचं हे मला पटत नाही.

म्हणून लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम घालायचं ठरवलं, विंडोज १० पण ठेवून. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरने मिंटची पेन ड्राईव्ह केली, इन्स्टॉल न करता तिच्यावरूनच लाईव्ह चालवून बघितलं, एकदम छान चाललं, आवाज आला, इंटरनेट आलं, मराठी कन्नड दोन्ही वेबसाईट नीट दिसल्या. मग विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ई ड्राईव्ह श्रिंक म्हणजे लहान करून १२० जीबी मोकळे केले. इथपर्यंत बरोबर. पण मिंटचा इन्स्टॉलर त्या १२० जीबीला "अनयूजेबल" म्हणालंय, प्लसचं बटण दाबूच देत नाही, दुसरा पर्याय कुठला तर सगळी डिस्क पुसून टाका. म्हटलं विंडोजमधूनच त्या जागेत पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा भाग, करून देऊ, तर तिथे लांबलचक वॉर्निंग येतंय की ही डिस्क बेसिकची डायनॅमिक होईल, मग बूट व्हॉल्यूम सोडून दुसरीकडून ऑपरेटिंग सिस्टीम चालू करता येणार नाही, येस की नो. तिथेच थांबलोय, नो करून बाहेर आलोय.

डिस्कवर सिस्टीम रिझर्व्हड, सी, डी, ई अशी चार पार्टिशन आहेत. डी आणि ई वर बाबांची बऱ्याच वर्षांची कामं आणि घरचे लग्नाचे फोटो आहेत. ते जाऊन चालणार नाही. येस करू काय? का दुसरा काही रस्ता आहे?

शहापूरकर_एस

येस कर रे काही होत नाही, माझ्या मशीनवर मी केलेलं आहे, विंडोज तसंच चालू आहे, डी ई सगळं दिसतंय, डेटा कुठे जात नाही.

उद्यमबाग_सीएनसी

कंग्राळी, येस करू नकोस. नो केलंस ते चांगलं केलंस, तसंच राहू दे.

शहापूरकर म्हणतात ते विंडोजपुरतं खरं आहे, डेटा जात नाही, विंडोज चालत राहतं. पण तुला मिंट घालायचंय. डायनॅमिक केलेली डिस्क मिंटच्या इन्स्टॉलरला नीट हाताळता येत नाही, आणि परत बेसिक करायची म्हटलं तर विंडोज सांगतं आधी सगळे व्हॉल्यूम डिलीट करा. म्हणजे जाताना एका क्लिकवर, येताना सगळा डेटा बाहेर काढून. मायक्रोसॉफ्टनेच आता डायनॅमिक डिस्क जुनी झाली, नवीन कामाला वापरू नका असं लिहून ठेवलंय.

आता घोळ कुठे आहे ते सांगतो, कारण हे कुणी नीट सांगत नाही आणि लोक उगीच मिंटला नाहीतर विंडोजला शिव्या घालत बसतात. तुझी डिस्क एमबीआर पद्धतीची आहे. ही १९८३ सालची, डॉस २.० च्या काळातली रचना. डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये पार्टिशनच्या यादीला फक्त ६४ बाइट ठेवलेत, एका पार्टिशनची नोंद १६ बाइटची, म्हणजे चारच नोंदी. ह्या यादीत थेट नोंद असते ती प्रायमरी पार्टिशनं, अशी चार झाली की पाचव्याला लिहायला जागाच नाही. डिस्कवर जागा १२० जीबी असू दे नाहीतर ३०० असू दे, यादीत नाव लिहिता येत नाही म्हणून इन्स्टॉलर तिला "अनयूजेबल" म्हणतो. तो बरोबरच सांगतोय, फक्त का ते सांगत नाही, आणि माझा राग ह्याच गोष्टीवर आहे. एक ओळ लिहिली असती की तुमची चार पार्टिशन झालीत म्हणून, तर किती लोकांचे डेटा वाचले असते. पुढे काहीच कळेना झालं की माणूस वैतागून "इरेज डिस्क" दाबतो.

आणि चारही प्रायमरी का झाली? विंडोज घालतानाच सेटअपच्या स्क्रीनवर न्यू, न्यू, न्यू करत पार्टिशनं पाडली की ती सगळी प्रायमरी होतात, त्यात सिस्टीम रिझर्व्हड आपोआप एक खातं. नंतर विंडोजमध्ये आत येऊन डिस्क मॅनेजमेंटमधून केली असती तर चौथं आपोआप एक्स्टेंडेड झालं असतं आणि त्याच्या पोटात पाहिजे तेवढी लॉजिकल पाडता आली असती. मशीन जुळवून देणारे घाईत असतात, दोन मिनिटं वाचवतात आणि दहा वर्षांनी दुसऱ्याला असं अडकून पडावं लागतं.

रस्ते आहेत, पण आधी एक सांग. ई वर एकूण डेटा किती आहे आणि तो दुसरीकडे ठेवायला तुझ्याकडे काय आहे? आणि क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चालवून डिस्कची तब्येत काय दाखवतंय बघ. ०५ आणि सी५ ह्या दोन ओळी बघ, रीअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर. तिथे शून्य सोडून काही असेल तर पार्टिशनचं राहू दे बाजूला, आधी डेटा बाहेर काढ.

कंग्राळी_बीके

काका खूप आभार, आज पहिल्यांदा कळालं हे का होतंय. शहापूरकर दादा तुमचेपण आभार.

ई वर ९० जीबीच्या आसपास आहे, डी वर जास्त. बाहेर ठेवायला ३२ जीबीची एक पेन ड्राईव्ह सोडून काही नाही. क्रिस्टलडिस्कइन्फो लावलं, निळ्याऐवजी पिवळं "कॉशन" येतंय, ०५ च्या ओळीत आकडा आहे, सी५ शून्य आहे. म्हणजे डिस्क जाणार काय?

उद्यमबाग_सीएनसी

लगेच जाईल असं नाही, पण तिच्यावर विसंबून राहायचे दिवस संपले. काही सेक्टर खराब झालेत आणि डिस्कने त्यांच्या जागी राखीव वापरलेत. अशी डिस्क वर्षभर पण चालते आणि उद्या सकाळी पण बसते. असल्या डिस्कवर पार्टिशन सरकवणं, लहान मोठं करणं अजिबात नको, कारण त्यात शेकडो जीबी इकडचं तिकडे लिहिलं जातं आणि मध्ये लाईट गेली की संपलं.

त्यामुळे आता माझं सरळ मत, तू ह्या डिस्कला हातच लावू नको. एक २४० जीबीची साधी साटा एसएसडी घे. तुझ्या बोर्डावर चार साटा पोर्ट असतात, दोन ६ जीबीपीएसचे आणि दोन ३ चे, एसएसडी ६ वाल्यावर लाव. मग जुन्या हार्ड डिस्कची केबल काढून बाजूला ठेव. एकच डिस्क मशीनला जोडलेली असताना मिंट घाल. तेव्हा "इरेज डिस्क" बिनधास्त दाब, पुसायला दुसरं काही नाहीच तिथे. इन्स्टॉल झाल्यावर मशीन बंद करून जुनी डिस्क परत जोड. बाबांचं विंडोज होतं तसं राहील, मिंट वेगळ्या डिस्कवर, आणि एकाचं बिघडलं तर दुसरं चालू. चालू करताना बूट मेन्यूची की दाबायची आणि डिस्क निवडायची. बोर्डाप्रमाणे की वेगळी असते, एफ८, एफ११, एफ१२, चालू होताना खाली कोपऱ्यात लिहिलेलं येतं बघ.

आणखी एक, बूट मेन्यूत तुझी पेन ड्राईव्ह दोनदा दिसेल, एकीच्या पुढे यूईएफआय, म्हणजे चालू होण्याची नवी पद्धत, असं लिहिलेलं आणि एक नुसती. दोन्हीवरून लाईव्ह चालू होतं म्हणून लोक कुठलीपण निवडतात. तुझं जुनं विंडोज एमबीआर डिस्कवर आहे म्हणजे ते जुन्या लेगसी पद्धतीने बूट होतं. मिंट यूईएफआयने घातलंस तर चालेल, पण मिंटच्या मेन्यूतून विंडोजमध्ये जाता येणार नाही, दरवेळी बोर्डाचाच बूट मेन्यू वापरावा लागेल. घरात बहीण आणि बाबा दोघे वापरणार असतील तर मी म्हणेन दोन्ही एकाच पद्धतीने ठेव, नुसत्या नावाच्या एन्ट्रीवरून घाल. मग मिंटमध्ये ग्रब, म्हणजे चालू होताना येणारा मिंटचा मेन्यू, अपडेट केलं की यादीत विंडोजपण येतं.

बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, साटाचा मोड एएचसीआय का आयडीई ते असेल तसं राहू दे, बदललंस तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबेल. आणि विंडोजमध्ये पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद कर. ते चालू असलं तर शटडाऊन केल्यावरपण विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि मिंटमधून डी उघडलास की नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही.

एमबीआरची जीपीटी ही नवी रचना करायचा पण एक रस्ता आहे, विंडोज १० मध्येच २०१७ पासून त्याची कमांड आहे, डेटा न पुसता करते, पण तिला जास्तीत जास्त तीनच प्रायमरी पार्टिशन चालतात, तुझी चार आहेत, आणि पिवळं दाखवणाऱ्या डिस्कवर मी ते कुणाला सांगणार नाही.

शहापूरकर_एस

बरोबर आहे काका तुमचं, मला नुसता एफ ड्राईव्ह पाहिजे होता म्हणून मी येस केलं होतं, लिनक्सचा विचार नव्हता. कंग्राळी, तू काकांचं ऐक. एसएसडी घेतोयस तर रॅमपण ४ ची ८ कर, त्या बोर्डाला दोन स्लॉट असतात, डीडीआर३ ची जुनी चार जीबीची पट्टी स्वस्तात मिळून जाते. आजकाल ब्राउझरलाच सगळी रॅम लागते, मिंट असू दे नाहीतर दुसरं काय.

निपाणी_डीटीपी

कंग्राळी भाऊ, मी निपाणीत डीटीपी करते, लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, हँडबिल, दोन्ही भाषेतलं. इथे सगळे डिस्कचं बोलताहेत पण तुमच्या बाबांच्या फायलींचं कुणी बोलत नाही म्हणून लिहिते, कारण खरा त्रास तिथे होणार आहे.

श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं असतं ते कॉम्प्युटरच्या दृष्टीने मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात, वरून फॉन्ट त्यांना मराठी आकार देतो. फॉन्ट नसला की सगळं चिन्हांचं कडबोळं दिसतं. नुडी ह्या कन्नड सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत टाईप केलेल्या कन्नडचंपण तेच. तो फॉन्ट मिंटमध्ये कॉपी केला तर लिब्रेऑफिसमध्ये फाईल दिसेल, प्रिंटपण येईल, पण नवीन टाईप करायला श्रीलिपीचं सॉफ्टवेअर लागतं आणि ते विंडोजचं आहे. म्हणून विंडोज १० काढू नका. मी स्वतः आजही पेजमेकर ७ वर काम करते, ते २००१ सालचं आहे, त्यात युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनला मराठी म्हणूनच कळणारे कोड, चालत नाही, गिऱ्हाइकांची जुनी कामं सगळी त्यात आहेत, ती टाकून मला दुसरीकडे जाता येत नाही. लोक सहज म्हणतात लिनक्स घाला, फुकट आहे, व्हायरस नाही. ज्याची पंधरा वीस वर्षांची कामं एका फॉन्टमध्ये अडकलीत त्याला असं सांगणं बरोबर नाही.

विंडोज १० तसंच उघडं पण ठेवू नका. मायक्रोसॉफ्टने घरगुती लोकांसाठी सिक्युरिटी अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून दिलेत, ईएसयू म्हणतात त्याला. तुमची आवृत्ती २२एच२ असली पाहिजे, मग सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर "एनरोल नाऊ" येतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग सिंक केलं तर पैसे लागत नाहीत. दुकानदार हे कुणालाच सांगत नाहीत. तेवढ्या मुदतीत बाबांच्या ज्या फायली परत परत लागतात, अर्जाचे नमुने, ठरावाचे नमुने, तेवढ्या तरी युनिकोडमध्ये करून घ्या. सगळ्या करायला जाऊ नका, जुन्या नुसत्या बघायच्या असतील तर पीडीएफ करून ठेवा, फॉन्ट आत बसतो, कुठल्याही मशीनवर, मोबाईलवर दिसते. कन्व्हर्टरने युनिकोड केल्यावर मात्र एकदा नजरेखालून घाला, रफार आणि जोडाक्षरं चुकतात, आणि नावात एक अक्षर बदललं की ऑफिसात अर्ज परत येतो हे बाबांना मी सांगायला नको.

कंग्राळी_बीके

ताई हे फार महत्त्वाचं सांगितलात. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले नमुने तीस चाळीसच आहेत, बाकी सगळं त्यातच नावं बदलून असतंय. पण त्यांचा प्रश्न असा की युनिकोडला टायपिंग परत शिकायचं काय ह्या वयात? आणि बहीण नुडीचा कीबोर्ड शिकल्याय, तो मिंटमध्ये मिळतो काय?

खानापूर_मास्तर

ह्याचं उत्तर मी देतो, आमच्या खानापूर तालुक्यातल्या शाळांत हाच प्रश्न रोज असतो, मुलांना शिकवायचं मराठीत आणि खात्याचा पत्रव्यवहार कन्नडमध्ये.

नुडीचा जो कीबोर्ड आहे तो कगप, म्हणजे कन्नड गणक परिषदेचा, मूळ रचना के. पी. राव यांची. मिंटमध्ये कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडायला गेलात की भारतीय भाषांच्या यादीत "कन्नड, कगप, फोनेटिक" हा आधीपासूनच आहे, इंटरनेटवरून काही उतरवावं लागत नाही. बहिणीला तो जोडून द्या. आणि त्याच यादीत "मराठी, कगप, फोनेटिक" असापण आहे! म्हणजे त्याच बोटांनी मराठीपण टाईप होतं. हे मला दिसलं तेव्हा फार बरं वाटलं, आपल्यासारख्या दोन भाषांत रोजचं काम असणाऱ्यांना ह्याच्याइतकी सोय दुसरी नाही, आणि आपल्याच भागातल्या लोकांना ती माहीत नाही.

बाबांचं म्हणाल तर त्यांना श्रीलिपीत कुठला कीबोर्ड सवयीचा आहे ते विचारा. त्यात बरेच पर्याय असतात. ते इनस्क्रिप्टवर टाईप करत असतील तर नवीन काहीच शिकायचं नाही, विंडोज १० मध्ये मराठी भाषा जोडली की तोच कीबोर्ड येतो आणि मिंटमध्येपण आहे. इनस्क्रिप्टची गंमत अशी की सगळ्या भारतीय लिप्यांना अक्षरांच्या जागा त्याच, मराठीचा क ज्या बटणावर त्याच बटणावर कन्नडचा ಕ असतो. बाबांना कन्नड वाचता येत असेल तर थोड्या सरावाने कन्नडपण टाईप करतील. टाईपरायटरच्या, रेमिंग्टनच्या सवयीचे असतील तर मात्र थोडं जड जाईल, त्यांच्यावर घाई करू नका. विंडोज १० मध्ये २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिकपण आलंय, इंग्रजी अक्षरांनी टाईप करायचं, पण जुन्या टायपिस्टला ते आवडत नाही असा माझा अनुभव आहे.

आणि एक वेगळंच सांगतो. मशीन दहा वर्षांचं आहे तर बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी बदला, सीआर२०३२, घड्याळाच्या दुकानातपण मिळते. आमच्याकडे जांबोटी भागात पावसाळ्यात लाईट जायला लागली की ह्या बॅटरीचे खेळ सुरू होतात. बॅटरी संपलेली असली की लाईट गेल्यावर बायोसचं सगळं सेटिंग मूळ जागी जातं, लेगसीचं यूईएफआय होतं, नाहीतर साटाचा मोड बदलतो, आणि मशीन म्हणतं बूट करायला काही मिळत नाही. लोक धरून नेतात दुकानात, तिथे सरळ फॉरमॅट. मुलांचं वर्षभराचं काम गेलेलं मी डोळ्यांनी बघितलंय, आणि बिघाड होता तो एका बॅटरीचा. सकाळी चालू केल्यावर तारीख भलतीच जुनी दिसायला लागली की समजून जायचं. इन्स्टॉल करतानापण यूपीएसची बॅटरी टिकते काय आधी बघून घ्या, पाऊस चालू असताना बसू नका.

कंग्राळी_बीके

सगळ्यांचे मनापासून आभार, झालं एकदाचं. एसएसडी आणली, जुनी डिस्क काढून ठेवली, नुसत्या नावाच्या एन्ट्रीवरून पेन ड्राईव्ह चालू केली, मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घातली, अर्ध्या तासाच्या आत सगळं झालं. परत डिस्क जोडली, ग्रब अपडेट केलं, आता चालू केल्यावर दोन्ही दिसतात. बॅटरीपण बदलली मास्तर. बहिणीचा कगप लगेच मिळाला, ती खूश आहे. बाबा इनस्क्रिप्टवालेच निघाले. ईएसयूपण चालू झालं. एक्स्टर्नल डिस्क मामांची आणली दोन दिवसांसाठी, डी आणि ई चं सगळं तिच्यात कॉपी करून घेतलंय, पुढे स्वतःची घेऊ.

दोन गोष्टी राहिल्या. एक, मिंट चालवून परत विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे दाखवालंय. बॅटरी तर नवीन आहे. दोन, प्रिंटर. मिंटमधून प्रिंट गेली असं दाखवतंय पण कागद येत नाही.

उद्यमबाग_सीएनसी

शाब्बास. पिवळ्या डिस्कवरचं सगळं बाहेर निघालं हे सगळ्यात भारी झालं.

साडेपाच तास म्हणजे बॅटरी नव्हे. बोर्डावरच्या घड्याळात मिंट जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच आपली स्थानिक वेळ समजतं, फरक आपल्या साडेपाच तासांचा. इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क जोडलेली असली तर इन्स्टॉलरला ते कळतं, आपण काढून ठेवली होती. मिंटमध्ये टर्मिनल उघडून इंग्रजीत टाईप कर, टाईमडेटसीटीएल, स्पेस, सेट-लोकल-आरटीसी, स्पेस, १. पासवर्ड मागेल तो दे. ती एक वॉर्निंग दाखवते, घाबरू नको, दोन सिस्टीम असलेल्या मशीनला हेच करतात.

प्रिंटरचा मॉडेल नंबर टाक. एचपीचा असेल तर एचपीलिप नावाचं पॅकेज बघ, बहुतेक मॉडेल त्यात येतात. झेरॉक्सच्या दुकानात असतात तसल्या जुन्या छोट्या लेझरपैकी काहींना कंपनीचा स्वतःचाच ड्रायव्हर लागतो आणि लिनक्सला तो बसवणं फार कटकटीचं असतं. तसला असेल तर त्याच्यामागे लागू नको, मिंटमधून पीडीएफ करून डी वर ठेव आणि विंडोजमधून प्रिंट काढ.

निपाणी_डीटीपी

आणि नमुने युनिकोडमध्ये केलात की पहिला प्रिंट काढून बाबांना कागदावर वाचायला द्या. स्क्रीनवर चूक दिसत नाही, कागदावर दिसते.

खानापूर_मास्तर

उद्यमबाग साहेब, ह्याच निमित्ताने विचारतो. आमच्या शाळेत दान म्हणून आलेली जुनी मशीन आहेत, २ जीबी रॅमची, काहींवर अजून विंडोज ७ आहे. मिंटचा पेन ड्राईव्ह लावला तर काही चालू होतात, दोन मशीन सरळ म्हणतात हा प्रोसेसर चालत नाही, एक्स८६-६४ पाहिजे. त्यांचं काही होईल काय? मुलांना टायपिंगचा सराव देण्याएवढं चाललं तरी पुरे.

उद्यमबाग_सीएनसी

होईल मास्तर. ती दोन ३२ बिटची आहेत, मिंटच्या नेहमीच्या आवृत्त्या आता ६४ बिटच्याच असतात. डेबियन ही दुसरी लिनक्स, तिच्या १३ ने पण २०२५ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलर बंद केला, पण डेबियन १२ चा ३२ बिटवाला अजून मिळतो, तो एक्सएफसीई नाहीतर एलएक्सडीई डेस्कटॉप निवडून घाला. टायपिंग आणि लिब्रेऑफिस चालेल, इंटरनेटवर फिरवू नका, तेवढा दम त्यांच्यात नाही. कगप आणि इनस्क्रिप्ट दोन्ही तिथेही आहेत. बाकीच्या मशीनवर मिंट एक्सएफसीई घाला, पण २ जीबीत ब्राउझर रडेल, एका मशीनची पट्टी काढून दुसऱ्यात बसते काय बघा, दोन अर्धवट मशीनपेक्षा एक चालणारं बरं. पट्टी काढायच्या आधी त्याच्यावर डीडीआर२ लिहिलंय का डीडीआर३ ते बघा, एकमेकांत बसत नाहीत. ज्या मशीनवर विंडोज ७ चालू होतंय त्यांचं कॉम्प्युटरवर राईट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि प्रोसेसरचं नाव इथे टाका, कुणाला काय घालायचं ते एकेक करून सांगतो. रविवारी मी मोकळा असतो, खानापूरला यायलापण जमेल, पेन ड्राईव्ह तयार करून आणतो.